जोडपत्र ‘अ’ : रात्रीच्या व्यत्ययांची वही

विषय : घरातील लहान मुलांमुळे रात्रीच्या साधनेत येणारा व्यत्यय टळावा, यासाठी मठात कायम राहण्याची परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा श्रावण वद्य पंचमीचा अर्ज. सोबत जोडपत्र ‘अ’, पाने अकरा.

उपरोक्त विषयी जे घडले ते खालीलप्रमाणे.

“…पण रात्री होतं तरी काय, भाऊसाहेब?” बन्सीबुवांनी विचारले.

“रात्रच होत नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“दिवे मालवतो. सगळे आडवे होतात. आणि मग दुसरा दिवस सुरू होतो, त्याच रात्री.”

कौसाबाई हसली. मठाचा स्वयंपाक ती करते. ओट्यावर सूप घेऊन तूरडाळ निवडत बसली होती. मी तिच्याकडे पाहिले, तशी ती डाळीकडे पाहू लागली.

बुवा समाधीच्या दाराबाहेर लाकडी स्टुलावर बसले होते. ते नेहमी तिथेच बसत. मठात येण्यापूर्वी एकतीस वर्षे ते एका कचेरीत शिपाई होते आणि साहेबांच्या दाराबाहेर अशाच स्टुलावर बसत. साहेब बदलला, बसायची जागा तीच आहे, असे ते स्वतःच सांगत.

मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. शिपायापुढे अर्ज घेऊन उभे राहण्याची ही माझी पहिलीच वेळ होती. हा विचार मनात आला होता, तो लपवण्यात अर्थ नाही. पुढे जे लपवता आले नाही, त्यापुढे हा किरकोळ आहे.

मी अर्ज पुढे केला.

“तुम्हीच वाचा,” बुवा म्हणाले. “माझा चष्मा कौसाबाईनं कुठं ठेवलाय, ते तिला आठवेपर्यंत संध्याकाळ होईल.”

मी वाचला. अर्जदाराची पत्नी दोन वर्षांपूर्वी वारली. अर्जदाराचे मन तेव्हापासून ईश्वराकडे लागले. घरी मुलगा श्रीरंग, सून रेवती, नात उमा, वय चार, आणि नातू अनंत, वय एक वर्ष दोन महिने. मुलगा दूध संघात कायम रात्रपाळीला. अर्जदाराने चाळीस रात्रींचा नियम दुसऱ्यांदा धरला आहे. अकरा ते पहाटे साडेपाच देवघराचे दार बंद, मौन, अखंड जप, आसन सोडायचे नाही.

“हा नियम तुम्हांला कोणी दिला?”

“पुस्तकात होता.”

“अस्सं.”

वरिष्ठांचा आदेश येईपर्यंत थांबायची सवय निवृत्तीनंतर सुटली होती, हे मी सांगितले नाही.

“सुरुवातीला मी सहकार्य केलं, बुवा. भिंतीवर वेळापत्रकसुद्धा लावलं.”

“कसलं?”

“रात्रीच्या पाळ्यांचं. दहा ते बारा, रेवती. बारा ते दोन, रेवती. दोन ते चार…”

“रेवती,” कौसाबाई म्हणाली.

“श्रीरंग घरी नसतो,” मी म्हणालो. “दुसरं कोण करणार?”

“अन् तुम्ही, दादा?”

“पर्यवेक्षण.”

कौसाबाईने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

“त्या कागदांमध्ये काय आहे?” बुवांनी विचारले.

“जोडपत्र. व्यत्ययांची वही. दिनांक, वेळ, व्यत्ययाचे स्वरूप, कोणी आणला, शेरा. नुसतं तोंडी सांगितलेलं मला आवडत नाही.”

“जप चालू असताना लिहीत होता?”

“उजव्या हातात माळ. डाव्या हातानं लिहायचं.”

“डाव्या हातानं लिहिता येतं?”

“चौतीस वर्षं उजव्या हातात चहाचा कप होता,” मी म्हणालो.

हा माझा विनोद होता. बुवा हसले नाहीत. ते म्हणाले, “वाचा.”

मी खाकरून वाचू लागलो. कचेरीत साहेबांपुढे टिपणी वाचायचो, त्याच आवाजात.

“चार जुलै. अकरा चाळीस, उमा, पाणी मागितले. अकरा पंचावन्न, उमा, पाणी प्यायल्याने जे होते ते. बारा दहा, उमा, चंद्र झोपला की नाही ते पाहायचे आहे. बारा पंधरा, चंद्र नाही. बारा सोळा, चंद्र नाही म्हणून रडते. एक पाच, अनंत उठला. कारण सांगता येत नाही. त्यालाही.”

बुवांच्या खांद्यांना एक हिसका बसला. मी पुढे वाचत राहिलो.

“सात जुलै. एक चाळीस, अनंतने चादर ओली केली. एक पन्नास, बदललेली चादर ओली केली. दोन वाजता, सुनेने विचारले, ‘तुझ्या पोटात नळ आहे का रे?’ दोन एक, उमाने नळ शोधला. दोन चार, दोघी हसतात. दोन दहा, अजून हसतात.”

“शेरा?”

“असभ्य.”

कौसाबाईने पदर तोंडाला लावला.

“नऊ जुलै. अडीच वाजता. उमाला अंगणवाडीत सावधान-विश्राम शिकवले आहे. तिने तिच्या बाहुल्या आणि अनंतला ओळीत बसवून ‘सावधान’ असा हुकूम दिला. आवाज मोठा. अर्जदाराचे आसन मोडले.”

“आसन कसं मोडलं?”

मी उत्तर टाळले. बुवा वाट पाहत राहिले. शिपाई वाट फार चांगली पाहतात.

“उभा राहिलो,” मी म्हणालो.

“देवघरात?”

“सवयीनं.”

“अन् मग?” कौसाबाईने विचारले.

“‘विश्राम’ म्हणायला ती विसरली. तशीच झोपली.”

आता दोघेही उघड हसले. बुवांच्या डोळ्यांतून पाणी आले. साधुपुरुषाने माझ्या अडचणीकडे गांभीर्याने पाहू नये, याचे मला वाईट वाटले. मी अधिक गंभीर नोंद शोधली.

“हे ऐका, बुवा. यात देवाची थट्टा आहे. बारा जुलै. दोन पाच. सून देवास उद्देशून म्हणाली, ‘देवा, आता तू घे याला, मी दहा मिनिटं निजते.’ दोन सात, उमाने विचारले, ‘देव आला का?’ सुनेचे उत्तर : ‘येतोय गं. चपला शोधतोय.’”

मी मान वर केली. बुवा हसत नव्हते.

“पुन्हा वाचा.”

मी पुन्हा वाचले.

“रोज म्हणते असं?”

“जवळजवळ रोज. ‘देवा, धर जरा.’ ‘देवा, तुला झोप येत नाही, मला येते, तू जाग.’ मी शुचिर्भूत होऊन, मौन धरून, त्याच्यासमोर बसलेला. आणि भिंतीपलीकडून ही त्याला घरगड्यासारखी हाक मारते.”

“अन् तो जातो का?”

“कोण?”

“देव.”

“…माझे डोळे मिटलेले असतात,” मी म्हणालो.

बुवांनी पाय खाली सोडले. “एखादी तरी बरी रात्र गेली असेल की, भाऊसाहेब.”

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. त्या पानाला मी घरूनच लाल दोरा बांधून आणला होता.

“गेली. एकोणीस जुलै. ही नोंद पाहा. ‘दोन चाळीस ते पाच, पूर्ण शांतता. जप निर्विघ्न. शेरा : उत्तम.’ शांतता मिळाली तर माझ्या हातून किती काम होतं, याचा हा पुरावा आहे.”

“वरनं वाचा.”

“वरचं नेहमीचंच आहे.”

“अर्धं पान वाचलेलं आमच्या साहेबांना चालत नसे,” बुवा म्हणाले.

मला हेच व्हायला नको होते. घरून निघताना मी तो दोरा बरोबर शेवटच्या ओळीशी बांधला होता.

“वाचतो,” मी म्हणालो.

“…एक पन्नास, अनंत रडतो.

“दोन पाच, अनंत रडतो. आवाज वेगळा.

“दोन दहा, सून म्हणाली, ‘देवा, आता तू घे. मला काही सुचत नाही.’

“दोन वीस, दार वाजले.

“दोन बावीस, दार वाजले. ‘बाबा.’

“दोन पंचवीस, दार वाजले. उमाने विचारले, ‘देव आत आहे ना? मग उघडत का नाही?’ सुनेचे उत्तर : ‘त्याचा दोष नाही गं. कडीला त्याचा हात पोचत नाही.’ उमा हसली.

“दोन पस्तीस, फाटक वाजले. स्कूटर.

“दोन चाळीस ते पाच…”

“ते वाचलंत,” बुवा म्हणाले.

सुपातला आवाज थांबला होता.

“लेकराला काय झालं होतं?” कौसाबाईने विचारले.

“ताप.”

“नुसता ताप?”

“…झटका आला होता. हातपाय ताठ झाले होते.”

“अन् ती?”

“दोघांना घेऊन गेली. लहान्याला ओढणीनं पोटाशी बांधलं. उमीला स्कूटरवर पुढं उभं केलं. दवाखाना चार किलोमीटर आहे.”

“लेकरू?”

“बरं आहे. आता बरं आहे.”

कौसाबाईने सूप उचलले आणि ती आत गेली. डाळ निवडून झाली नव्हती.

मी उभाच होतो. बसा, असे त्यांनी मी आल्यापासून तीनदा म्हटले होते. आता म्हणत नव्हते.

“तुम्हांला कळलं नव्हतं?”

“आवाज वेगळा, असं मी लिहिलंय,” मी म्हणालो.

“…हं.”

“नियम होता, बुवा. एकोणतिसावी रात्र होती. दार उघडलं असतं तर पहिल्यापासून…”

ते वाक्य पुरे करण्यासारखे नव्हते.

“सकाळी?”

“साडेपाचला दार उघडलं. ती खुर्चीत बसली होती. बाळ खांद्यावर. त्याच्या हाताला सुईवरची चिकटपट्टी होती. मी तीर्थ दिलं. तिनं उजवा तळहात पुढं केला, घेतलं, हात डोक्यावरून फिरवला.”

“काही बोलली?”

“‘बाबा, चहा ठेवू?’”

बुवांनी डोळे मिटले.

“ती रागावली नाही, बुवा,” मी म्हणालो. खरे तर इथे थांबायला हवे होते. “तिला वाटतं, मी ध्यानात होतो. मला ऐकूच आलं नाही. ती शेजारणीला सांगत होती, तेही मी ऐकलं. ‘बाबांचं ध्यान इतकं लागतं हो, दार वाजवलं तरी कळत नाही.’”

“अन् तुम्ही?”

“…मी ते दुरुस्त केलं नाही.”

कडुनिंबाखाली एक शेळी बांधलेली होती. ती माझ्याकडे पाहत होती. मी दुसरीकडे पाहिले, तरी ती पाहतच होती.

“पान फाडलं का नाही?” बुवांनी विचारले.

“केलेली नोंद फाडायची नसते.”

“अन् तेच पान जोडलंत.”

“शांततेचा पुरावा म्हणून.”

हे शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडले. मी ते ऐकले. चौतीस वर्षे मी इतरांच्या अर्जांतल्या चुका दुरूनच ओळखत आलो.



“आमच्या साहेबांच्या टेबलावर एक घंटी होती,” बुवा म्हणाले. “वाजली की उठायचं. पाणी पाहिजे, फाईल पाहिजे, का नुसतं चुकून कोपर लागलं, ते उठून गेल्यावर कळतं. बसल्या जागी कळत नाही. दिवसातनं साठ वेळा उठायचो. मनातनं शिव्या द्यायचो. वाटायचं, ही घंटी एकदाची बिघडावी.”

“मग?”

“बिघडली. आठ दिवस वाजली नाही. मी स्टुलावर निवांत.”

“मग बरं वाटलं असेल.”

“दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मला कळंना, साहेब आत आहे का नाही.”

मी पुढचे ऐकायला थांबलो. पुढचे काही नव्हते.

“माझ्या अर्जाचं…” मी शेवटी म्हणालो.

“जागा आहे की. मागची खोली रिकामीच आहे. शांतता तर इतकी आहे, की पाल चुकचुकली तरी बरं वाटतं.” त्यांनी अर्ज माझ्या हातातून घेतला, उलटसुलट केला. “पण हा थेट माझ्याकडं कसा आणलात? तुम्ही अव्वल कारकून. खालच्या टेबलाचा शेरा कुठं आहे?”

“खालचं टेबल?”

“ज्याच्या कामावर परिणाम होतो, त्याचं म्हणणं आधी लागतं का नाही? का आता कायदा बदलला?”

“लागतं.”

“मग सूनबाईचा शेरा आणा. ती ‘हरकत नाही’ म्हणाली, तर मी उद्या खोली झाडून ठेवतो.”

एवढेच असते तर सोपे होते. रेवती माझ्या साधनेच्या आड कधी आली नव्हती. तिने दोन शब्द लिहून सही केली असती, बाळ कडेवर ठेवूनच.

“जोडपत्र काढून घेऊ का?” मी विचारले.

हे मी विचारले. बुवांच्या समोर उभे राहून, सगळे वाचून झाल्यावर, मी हेच विचारले.

“तुम्हीच सांगा,” ते म्हणाले. “तुमच्या कचेरीत जोडपत्राशिवाय अर्ज चालायचा?”

“नाही.”

“काय करायचा?”

“परत पाठवायचो.”

किती माणसे मी अशी परत पाठवली. त्यांची तोंडे आठवली नाहीत. पाठी आठवल्या.

बुवांनी अर्ज माझ्या हातात ठेवला. अकरा पानांसकट.

घरी आलो. अर्ज तयार होता, मीही तयार होतो, फक्त सवड मिळत नव्हती. दिवसा रेवतीला काम असे. संध्याकाळी मला. असे नऊ दिवस मी काढले. कागद टेबलावर न ठेवता नऊ दिवस कसे काढायचे, हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

दहाव्या रात्री अनंतला उलटी झाली. माझ्या कानांवर सगळे येत होते. मी माळ ठेवली आणि देवघरातून बाहेर आलो. हातात अर्ज होता. रेवती फरशी पुसत होती. बाळ तिच्या खांद्यावर होते. उमी गादीवर उभी राहून वर्णन करत होती.

“आई, हा भात आहे. आणि हे गाजर आहे.”

“हो गं. तू वाढायला बसू नकोस,” रेवती म्हणाली. मग तिने मला पाहिले. “बाबा? आवाज झाला का? तुम्ही जा, मी बघते.”

“तुझा शेरा हवा होता,” मी म्हणालो.

रात्रीचा दीड वाजला होता. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि कागद घेतले. स्वयंपाकघराच्या दिव्याखाली उभी राहून वाचू लागली.

पहिले पान वाचताना तिच्या कपाळावर आठी होती. दुसऱ्या पानावर ती गेली. चंद्राच्या नोंदीपाशी तिने ओठ दाबले. नळाच्या नोंदीपाशी तिला हसू आवरेना.

“बाबा, आसन मोडलं म्हणजे ‘सावधान’ला तुम्ही खरंच उभे राहिलात? एकटे? आत?”

“सवय आहे ती.”

ती भिंतीला टेकली. हसता हसता खाली बसली. खांद्यावरचे बाळही हसू लागले, कशासाठी ते ठाऊक नसताना. उमीने संधी साधून “सावधान” म्हटले. मी उभाच होतो, पण हात सरळ केले. रेवतीने डोळे पुसले. “अगं त्यांना विश्राम दे,” ती म्हणाली. “त्या दिवसापासून राहिलाय.”

उमीने विश्राम दिला.

मला त्या क्षणी वाटले, बाकीची पाने परत घ्यावीत. ती दोघे, तिघे, भिंतीपलीकडे रोज हेच करत होती. आणि मला वाटत आले होते, की मला हसतात.

रेवतीने पान उलटले.

लाल दोरा मी काढला होता. तरी तिची बोटे तिथेच थांबली. ती वरून वाचत होती. वरूनच वाचणारी बाई आहे ती.

…

“तुम्हांला ऐकू येत होतं,” ती म्हणाली.

हा प्रश्न नव्हता.

“हो.”

“सगळं?”

“सगळं.”

“कडीचंही?”

“…हो.”

तिने पान पुरे वाचले. शेवटची ओळही. शेरा उत्तम, तिथपर्यंत. मग उठली.

“याला धरा,” ती म्हणाली.

बाळ माझ्या हातात आले. ती दार उघडून बाहेर पायरीवर जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून.

अनंत रडू लागला. मी त्याला घेऊन स्वयंपाकघर ते देवघर अशा फेऱ्या मारू लागलो. मला एकही अंगाई येत नव्हती. मुले झाली तेव्हा मी कचेरीत होतो. त्यांची आई होती. तिलाही तेव्हा वेळापत्रक नव्हते, फक्त सगळ्या पाळ्या होत्या.

बाळाने माझ्या सदऱ्यावर उरलेला भात सोडला. तो ओघळत पोटापर्यंत गेला. मी शुचिर्भूत होतो.

देवा, आता तू घे याला, असे अगदी ओठांवर आले होते. पण कागद माझ्याच नावे मार्क होऊन आला होता. तो आणखी कोणाकडे टाकायला मला लाज वाटली. टाकण्याची नव्हे, इतकी वर्षे टाकल्याची.

“आजोबा,” उमी अंधारातून म्हणाली. “देव आला का?”

मी पायरीकडे पाहिले. पाठ हलली नाही.

“येतोय,” मी म्हणालो. “चष्मा शोधतोय.”

उमी हसली. बाळही थोडे थांबले. पायरीवरून हसू आले नाही.

पुष्कळ वेळाने रेवती आत आली. तिने बाळ घेतले नाही. अर्ज घेतला, सरळ घडी केली, लसीकरणाची कार्डे ठेवतात त्या पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि डबा कपाटावर ठेवला.

“शेरा…” मी म्हणालो.

“बघते,” ती म्हणाली.

चौतीस वर्षे मी हा शब्द दुसऱ्यांना देत आलो. मला तो पहिल्यांदाच मिळाला. तो इतका जड असतो, हे मला ठाऊक नव्हते.

मार्गशीर्षात मी मठात गेलो. कौसाबाईने मला पाहिले, “लेकरू?” विचारले, “चालू लागलं,” हे ऐकले आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. बुवा बसल्या जागेवरून म्हणाले, “बसा.” या वेळी मी पायरीवर बसलो.

“तुमच्या नियमाचं काय झालं?”

“चाळीसच्या चाळीस रात्री उरल्यात. बसलो, की कोणीतरी उठतं.”

“मग?”

“मग मीही उठतो. उमीला पाणी देतो. मग पाण्याचे परिणाम. काल अनंतनं माझी माळ गिळायचा प्रयत्न केला. दोन मणी गेले. तिसऱ्या दिवशी मिळतील, असं रेवती म्हणाली.”

बुवा हसले. मीही हसलो. हसताना लाज वाटत होती, आणि ती गेली नाही. दोन्ही बरोबरच राहिली.

“बोलते तुमच्याशी?”

“बोलते. चहा विचारते. दीड वाजता पोर हातात देते, काही न म्हणता. पण शेजारणीला ध्यानाचं सांगत नाही आता.”

“अन् अर्ज?”

“चार महिने झाले. डबा रोज दिसतो. तिचा हात त्याकडे गेला, की मला वाटतं, आज काढणार. ती बाळाचं कार्ड काढते आणि डबा बंद करते. ‘हरकत नाही’ लिहील, का काय लिहील, कळत नाही. तिनं एकदा काहीतरी लिहून टाकावं, असं होतं.”

“स्मरणपत्र दिलं?”

“धीर होत नाही.”

बुवांनी पंच्याने स्टुलाची कड पुसली. तिथे धूळ नव्हती.

“थोडक्यात, अर्ज प्रलंबित आहे,” मी म्हणालो.

“राहू द्या, भाऊसाहेब,” बुवा म्हणाले. “मंजूर झालेल्या अर्जाकडं पुन्हा कोणी बघत नाही.”